स्वस्त घ्या, पण दुय्यम नको!

रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडसारख्या गावात मुलगी बारावी झाली की आता पहिली मागणी होते ती लॅपटॉपची. प्रवेश अर्ज ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर, कॉलेजचा प्रकल्प टाइप करून द्यायचा. नामांकित कंपनीचे मशीन मजुरी करणाऱ्या बापाला परवडत नाही. मग कुणीतरी प्राइमबुकचे नाव सुचवतो. हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला छोटा लॅपटॉप घ्यावा काय?

आधी जमेची बाजू पाहू. 2023 मध्ये आलेल्या पहिल्या प्राइमबुकची किंमत 17 हजारांच्या आसपास होती. त्यात 11.6 इंची पडदा, 4 जीबी रॅम, पूर्ण कीबोर्ड आणि सिमकार्डाची सोय. मोबाईलवर बोट घासून दहा पानांचा प्रकल्प लिहिता येत नाही, इथे लिहिता येतो. अर्ज भरणे, व्याख्याने पाहणे, नोट्स काढणे एवढ्यासाठी हे मशीन पुरते. म्हणून त्याला खेळणे म्हणून हिणवणाऱ्या शहरी पंडितांशी आम्ही सहमत नाही.

परंतु दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. हा लॅपटॉप अँड्रॉइडवर, म्हणजे मोबाईलच्याच धाटणीवर चालतो. विंडोजसाठी बनवलेले टॅली किंवा ऑटोकॅड त्यावर बसत नाही. कॉमर्सच्या मुलीला टॅली शिकायची आहे, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात जाणाऱ्या मुलाला ड्रॉइंग काढायचे आहे; त्यांनी काय करावे? दोन वर्षांनी दुसरे मशीन घ्यावे लागले, तर स्वस्ताई कुठे राहिली?

स्वस्त लॅपटॉपचे स्वप्न नवे नाही. 2005 मध्ये निकोलस निग्रोपाँटे यांनी गरीब मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. उन्हातही वाचता येणारा, कमी विजेवर चालणारा तो हिरवा-पांढरा लॅपटॉप खरोखर बुद्धीने बनवलेला होता. 2007 मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतकडच्या एका धनगरवाड्यावरील छोट्या शाळेत त्याचा प्रयोग झाला. पेरू देशाने तर तो लाखोंनी वाटला. पण 2012 च्या अभ्यासात तिथल्या मुलांचे गणित आणि भाषा सुधारल्याचे दिसले नाही. यंत्र हातात आले म्हणजे शिक्षण आले असे नव्हे, हा त्याचा धडा.

म्हणून खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारा. मुलाच्या अभ्यासक्रमाचे सॉफ्टवेअर यावर चालते का? बिघडल्यास महाडमध्ये दुरुस्त होते का, की कुरिअरने दूर पाठवायचे? सिमचा भरवसा धरत असाल, तर घरात रेंज किती येते? तिन्ही उत्तरे पटली तर खुशाल घ्या. नाही तर जवळपास त्याच रकमेत कंपन्यांनी वापरून काढलेला विंडोज लॅपटॉप शोधा. मात्र विंडोज 10 चा मोफत आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. तेव्हा इंटेलचे मशीन असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा घ्या, बॅटरी तपासा आणि दुकानदाराकडून लेखी हमी घ्या.

आणि सरकारला, संस्थांना एक सांगणे. गरिबाच्या पोराला एवढे बस झाले, या भावनेने लॅपटॉप वाटू नका. 20 मार्च 1927 रोजी याच महाडात बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी वेगळा हौद मागितला नव्हता. सर्वांचे तेच तळे, त्याच हक्काने मागितले होते. शहरातला विद्यार्थी ज्यावर शिकतो ते सारे आमच्या मुलांना करता आले पाहिजे. मशीन छोटे असो, स्वस्त असो. त्यावरचे शिक्षण मात्र कमी प्रतीचे आम्ही घेणार नाही!