भांगेचे औषध आणि वसईची हवा

भांग म्हटलं की हॉस्टेलवर दोनच गोष्टी आठवतात. एक होळी आणि दुसरी रेक्टर सरांची राउंड! म्हणून आधीच सांगून टाकायला हवं की हा लेख नशेबद्दल नाही. गांजा-चरसच्या बाबतीत १९८५ चा एनडीपीएस कायदा किती कडक आहे, हे इथे कुणालाही वेगळं सांगायची गरज नाही. लेख आहे तो त्याच झाडापासून बनणाऱ्या औषधांबद्दल, आणि खरं तर त्या औषधाची बाटली घरात कुठे ठेवलेली असते त्याबद्दल.

आयुर्वेदात या झाडाला 'विजया' म्हणतात. आज आयुषच्या परवान्याखाली विजयेची तेलं, गोळ्या, चूर्णं मिळतात. जुनं दुखणं, झोप न लागणं यासाठी वैद्य ती लिहून देतात. अमेरिकेत २०१८ साली 'एपिडायोलेक्स' नावाचं औषध मंजूर झालं. त्यात याच झाडातलं सीबीडी हे द्रव्य असतं आणि ते अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, काही दुर्मिळ प्रकारांवर देतात. थोडक्यात, कुणाच्या तरी आजीची रात्रीची झोप आणि कुणाच्या तरी लहान मुलाच्या फिट्स अशा बाटलीवर अवलंबून असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की एक्स्पायरी डेट ही सशर्त असते. अमुक तापमानात, अंधारात, झाकण घट्ट लावून ठेवलं तर अमुक तारखेपर्यंत कंपनीची हमी! आपण तारीख वाचतो आणि शर्त वाचतच नाही. वसई-विरारच्या हवेत तर ती शर्त रोजच मोडते.

आता थोडी केमिस्ट्री. (एफ.ई. वाल्यांनी घाबरू नये!) या झाडातलं टीएचसी हे द्रव्य हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू बदलतं आणि त्याचं सीबीएन, म्हणजे कॅनाबिनॉल, होतं. उजेड आणि उष्णता मिळाली की हे काम भराभर होतं. गंमत बघा. १८९६ च्या सुमारास केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानातून आलेल्या चरसवर प्रयोग केले आणि त्यातून कॅनाबिनॉल मिळवलं. बरीच वर्षं तेच या झाडाचं मुख्य द्रव्य समजलं जात होतं. पुढे १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांनी शुद्ध टीएचसी वेगळं केलं. कॅनाबिनॉल हे मुख्यतः टीएचसी शिळं होऊन तयार होतं हेही पुढे कळलं. म्हणजे साठवणुकीने शास्त्रज्ञांनाही चकवलं होतं!

हे नुकसान किती होतं? मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली याचे आकडे दिले. सुका माल अंधारात, २०-२२ अंशांवर ठेवूनही टीएचसी एका वर्षात सुमारे १७ टक्के, दोन वर्षांत २७ टक्के आणि चार वर्षांत ४१ टक्के घटलं. ही झाली अंधारातली, गार खोलीतली गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ३३-३४ वर असतो. दर १० अंशांमागे रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लावून बघा आणि हिशेब तुम्हीच करा.

हा प्रश्न काही नवा नाही. १८९३ साली सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं, तेव्हा साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नावलीतच एक प्रश्न होता: हा माल ठेवून खराब होतो का, किती दिवस टिकतो, कशाने बिघडतो आणि त्यावर उपाय काय? त्याच्याही कितीतरी शतकं आधी शार्ङ्गधर संहितेत वनस्पतीचे गुण एक वर्ष टिकतात आणि चूर्णाचे दोन महिने, असं सांगून ठेवलं आहे. भांगेचा उल्लेखही त्याच ग्रंथात आहे. चूर्णाचा काळ इतका कमी का? पूड केली की हवा लागणारा पृष्ठभाग वाढतो. आपल्या सर्फेस एरियाचाच नियम!

आता घरात या. लेबलवर लिहिलेलं असतं, 'थंड व कोरड्या जागी ठेवा'. जुलै महिन्यात वसईत अशी जागा कुठे आहे ते कुणीतरी दाखवावं! पापड मऊ पडतात, मीठ पाझरतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. औषधांच्या चाचण्यांमध्ये युरोप-अमेरिकेसाठी २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरतात, तर उष्ण व अतिदमट देशांसाठी ३० अंश आणि ७५ टक्के. तिकडचा टिकाऊपणा जसाच्या तसा इकडे कसा लागू होणार?

शिवाय प्रत्येक औषधाचा नियम निराळा. एपिडायोलेक्सला फ्रिज लागत नाही, पण बाटली उघडल्यावर १२ आठवड्यांत संपवायची. 'सॅटिव्हेक्स' हा तोंडात मारायचा स्प्रे. तो उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचा आणि उघडल्यावर २५ अंशांच्या आत ठेवून १० मिलीची बाटली ४२ दिवसांत संपवायची. २५ अंशांच्या आत! एसी नसलेल्या नालासोपाऱ्याच्या खोलीत हे कसं जमणार? आणि फ्रिजवर तरी किती भरवसा ठेवायचा? जुलै २०१८ च्या पुरात इथली लोकल आणि लाईट दोन्ही बंद पडली होती, ते आठवा.

कुणी म्हणेल, ताकद थोडी कमी झाली तर काय बिघडलं, विष तर होत नाही ना? बिघडतं. औषध कमजोर झालं की गुण येत नाही, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. मग नवी, पूर्ण ताकदीची बाटली येते आणि तोच वाढवलेला डोस जास्त होतो. फिट्सच्या पेशंटला कमी डोस म्हणजे सरळ धोका. दोन्हीकडून मार पेशंटलाच.

माझ्या मते कंपन्यांनी तीन गोष्टी लेबलवर मराठीत छापायला हव्यात: बाटली उघडल्यावर किती दिवस, नक्की किती अंश, आणि उघडल्याची तारीख लिहायला रिकामी जागा. 'थंड व कोरडी' हे मोघम शब्द बंद करा. आपणही गडद काचेची बाटली आहे त्याच खोक्यात ठेवावी. खिडकीत, गॅसजवळ किंवा फ्रिजच्या डोक्यावर नको. ड्रॉपर तोंडाला लावून परत बाटलीत घालू नये. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला तर आई काय म्हणते, ते आठवावं. ही औषधं बऱ्याचदा तेलात असतात आणि तेल खवट होतंच.

शेवटी आपल्या ई अँड टीसी आणि कॉम्प्युटरच्या मंडळींना एक विनंती. तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर काही शे रुपयांत मिळतो. दरवर्षी तेच ते लाईन फॉलोअर करण्यापेक्षा असे दहा लॉगर बनवा. हॉस्टेलच्या खोलीत, घरच्या स्वयंपाकघरात, आणि परवानगी मिळाली तर मेडिकलच्या दुकानातही वर्षभर ठेवा. त्यातून 'मीन कायनेटिक टेम्परेचर' काढा. आगोटीची बेगमी करताना सुके बोंबील कुठे आणि कसे ठेवायचे, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. औषध कुठे ठेवायचं, हे आकड्यांनिशी सांगणं आपल्याला जमायला हवं.