कोसळणारं मॉडेल
फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ब्रॅकेटची जाडी ५ मिलिमीटरवरून ८ केली की कधी भोकं भलतीकडे सरकतात, कधी फिलेटपुढे, म्हणजे कडा गोलावणाऱ्या पायरीपुढे, लाल खूण उमटते. कारण प्रोग्रॅम पृष्ठांना 'फेस ६' असे क्रमांक देतो आणि आकार बदलला की क्रमांकही बदलतात. २०२४ साली आलेल्या १.० आवृत्तीने हा त्रास बराच कमी केला, पण मुळातून संपवला नाही. म्हणून स्केच, म्हणजे भागाची सपाट आकृती, तयार पृष्ठावर टेकवूच नये. मूळ प्रतलावर किंवा डेटम, म्हणजे स्वतः घातलेल्या संदर्भ प्रतलावर बसवावं. स्केचच्या सगळ्या रेषा हिरव्या, म्हणजे पूर्ण बांधलेल्या, झाल्याखेरीज पुढे सरकणं ही शुद्ध घाई. मापं स्प्रेडशीटमध्ये नावानिशी ठेवावीत. भोक कडेपासून किती दूर, तिथे आकडा न टाकता व्यासाच्या दीडपट असं सूत्र द्यावं. फिलेट अगदी शेवटी घालावेत, कारण कडा हलल्या की पहिले तेच तुटतात.