सुरतेचे ‘छे’

गेल्या पंधरवड्यात गावाकडील एका भगिनीचे आम्हांस पत्र आले. तिच्या थोरल्या मुलास सुरतेजवळ हजिरा येथील एका कारखान्यात नोकरी लागली आहे. मुलगा जावयास उत्सुक आहे, परंतु आईच्या जिवास घोर लागला आहे. “तुम्ही इतकी वर्षे त्या परमुलखात काढलीत, तेथली माणसे कशी आहेत, तेवढे खरेखरे सांगा,” असे ती लिहिते. खरेखरे सांगावयाचे म्हटले म्हणजे त्यात आमचीही एक गोष्ट येते, आणि ती आम्ही ह्या सदरात आजवर सांगितलेली नाही. तेव्हा त्या भगिनीने व इतर वाचकांनी थोडा धीर धरावा.

आम्ही वसईकडची वाडी सोडून १९८८ साली सुरतेस आलो. नानपुऱ्यात एका जुन्या दुमजली घराचा तळमजला भाड्याने मिळाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी आमची पत्नी तान्ह्या मुलासाठी दूध आणावयास निघाली. दुकानदार हिशेबाच्या वहीत डोके खुपसून बसला होता. तिने विचारले, “दूध आहे का?” तो म्हणाला, “छे.” ती बिचारी मागे फिरली. पुढच्या दुकानात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. तीन दुकाने हिंडून ती रिकाम्या हातांनी घरी आली व म्हणाली, “एवढे मोठे शहर, पण येथे दुधाचा थेंब नाही!” आपल्याकडे ‘छे’ म्हणजे साफ नकार, गुजरातीत ‘छे’ म्हणजे ‘आहे’. तिन्ही दुकानदार दूध आहे म्हणून सांगत होते, आणि गिऱ्हाईक का पळते ह्याचे त्यांनाही नवल वाटले असेल.

त्याच दिवशी दुपारी दुसरा घोटाळा झाला. घासलेटचा स्टोव्ह काही केल्या पेटेना. वरच्या मजल्यावर घराची मालकीण राहत असे, वयस्क विधवा बाई, सारी गल्ली तिला मासी म्हणे. मासीने जिन्यावरून डोकावून विचारले, “जम्या?” पत्नीस वाटले, स्टोव्हचे जमले का म्हणून बाई विचारीत आहेत. तिने मान हलवून सांगितले, “नाही हो, अजून जमत नाही.” गुजरातीत ‘जमणे’ म्हणजे जेवणे. पाच मिनिटांत मासी जिना उतरून आली ती हातात ताट घेऊन. रोटली, डाळ, भात, वांग्याचे शाक, वर गुळाचा खडा. आम्ही पुष्कळ आढेवेढे घेतले. ते तिला समजले नाहीत, किंवा समजले असूनही तिने समजून घेतले नाहीत.

सुरत हे असे खाऊ घालणारे शहर आहे. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, ही म्हण तेथील पोरासोरांच्या तोंडी असते. हिवाळ्यात आपल्या हुरड्यासारखा पोंक, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर. संक्रांतीच्या सुमारास उंधियुं, जे पाहून आम्हांस आमच्या उकडहंडीची आठवण झाली. आणि शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चंदनी पडव्याची घारी, जी लोक गच्चीवर किंवा थेट रस्त्याच्या कडेला बसून खातात. तोंडी शिव्या मात्र फार. अस्सल सुरती माणूस प्रेमाने बोलू लागला की त्यातले निम्मे शब्द ह्या पत्रात छापण्याजोगे नसतात. राग धरू नये. मनात काही नसते.

आम्ही मराठी बोलतो हे कळताच शेजारी हमखास चेष्टा करीत, “काय, पुन्हा लुटावयास आलात?” शिवाजी महाराजांनी १६६४ व १६७० अशा दोनदा सुरत लुटली, ते सुरतकर अजून विसरलेले नाहीत. पुढे आम्हीही एक उत्तर शिकलो. बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, पहिल्या स्वारीच्या वेळी महाराजांनी कापुचिन संघाचे फादर आम्ब्रोज ह्यांच्या मठास हात लावू दिला नाही. आणि डच व्यापाऱ्यांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही, तो मोठा दानशूर होता असे कळल्यावरून, सोडून दिले. “म्हणजे,” आम्ही मासीस म्हणत असू, “आम्ही तुमच्या घरात राहतो, आणि तुम्ही ताटे वाढता; दोन्ही कारणांनी हे घर सुरक्षित आहे.” ती हसे व आणखी एक रोटली वाढी.

मराठी माणूस तेथे एकटा पडत नाही. तापी नदी खानदेशातून वाहत सुरतेस येते, आणि तिच्या खोऱ्यातूनच जळगाव-उधना लोहमार्ग येतो. त्या मार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबार भागांतील हजारो कुटुंबे यंत्रमागांवर काम करावयास येऊन उधना व लिंबायत येथे स्थायिक झाली. महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. रविवारी मिस्सेला जावे तर निराळाच मेळा. शहर १९६६ साली स्थापन झालेल्या बडोदा धर्मप्रांतात मोडते. उपासना गुजरातीत; पण बाकावर एका बाजूस केरळची परिचारिका, दुसऱ्या बाजूस गोव्याचे कुटुंब, मागे चौधरी व गामीत समाजांतील आदिवासी बंधू. आमच्या शेजारचे एक तमिळ गृहस्थ सारी उत्तरे आपल्या भाषेत व सर्वांच्या आधी देत असत.

आता ती दुसरी गोष्ट.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग उद्भवला. त्याच महिन्यात तापीला पूर येऊन गेला होता, गल्ल्यांतून चिखल व कचरा सडत होता. फुप्फुसाचा प्लेग, खोकल्यातून पसरतो, एवढेच शब्द कानी आले आणि शहराचा धीर सुटला. पुढे कळले की मृत्यू पन्नासहून थोडे अधिक झाले, आणि टेट्रासायक्लीनच्या गोळ्या वेळेवर घेतल्यास रोग बरा होतो. परंतु त्या आठवड्यात हे कोणास ठाऊक? लाखो माणसे तोंडास रुमाल बांधून मिळेल त्या गाडीने पळाली. त्यांत आम्हीही होतो.

पळालो ह्याची लाज नव्हे. आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. लाज निराळी आहे. त्या संध्याकाळी मासीच्या मुलास ताप भरला होता. तिने जिन्यावरून आम्हांस हाक मारली. आम्ही ती ऐकली. ऐकली, आणि दिवा मालवून, दाराआड अंधारात, मुलाच्या तोंडावर हात ठेवून स्वस्थ उभे राहिलो. ती वर गेल्याची चाहूल लागल्यावर गाठोडे उचलले आणि स्टेशनाची वाट धरली.

गावी आम्हांस आठ दिवस वाडीतल्या विहिरीजवळच्या खोपटात ठेवले. जेवण दूर ठेवून लोक मागे सरत. त्यांचा दोष नाही. पण ते ताट जमिनीवर ठेवलेले पाहून आम्हांस जिन्यावरून उतरणारे दुसरे ताट आठवे, आणि घास उतरत नसे.

तीन आठवड्यांनी परतलो. मुलाचा ताप हिवतापाचा निघाला होता; तो बरा होऊन जरीच्या कारखान्यात कामास जाऊ लागला होता. आम्ही घाईत मागे टाकलेली मांजर मासीने पोसली होती. तिने आम्हांस उंबरठ्यावर पाहिले आणि विचारले, “जम्या?” एक अक्षर अधिक नाही.

आम्ही प्रायश्चित्त संस्कारास गेलो. धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, “देवाने क्षमा केली. आता त्या बाईंनाही सांगा.” आम्ही ‘होय’ म्हटले. आणि सांगितले नाही. आज सांगू, सणानंतर सांगू, असे करता करता बारा वर्षे गेली. ह्या काळात शहर पालटले. १९९५ साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, रस्ते रुंद झाले, कचरा दररोज उचलला जाऊ लागला. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात तर सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. आमच्या मनातली ती एक खोली मात्र कोणी झाडली नव्हती.

मग २००६ चा ऑगस्ट आला. उकाई धरण भरून वाहू लागले आणि तापीत सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले. ७ तारखेच्या रात्री आम्ही झोपलो असता वरून तक्तपोशीवर धाडधाड आवाज झाला. मासी वरवंट्याने जमीन ठोकीत होती. उठून पाय टेकतो तो घोट्याएवढे पाणी. दीड तासात जमले ते वर नेले: क्रूस, मुलाची पुस्तके, तांदळाचा डबा, स्टोव्ह, आणि वसईहून आलेली सुकटाची पुडी. पहाटेपर्यंत आमच्या खिडक्या पाण्याखाली गेल्या.

वरच्या दोन खोल्यांत आम्ही चौदा जण झालो. मागच्या गल्लीतील एक वोहरा कुटुंब गच्चीवरून फळी टाकून आले; लिंबायतहून नातलगाकडे निघालेला एक खानदेशी मागकामगार बायकामुलांसह मध्येच अडकला होता, त्यास दोर टाकून ओढून घेतले. भोवती समुद्र, आणि प्यावयास पाणी नाही. गच्चीवर चादर ताणून पावसाचे पाणी धरले. हेलिकॉप्टरांनी टाकलेल्या पुड्यांपैकी एक आमच्या गच्चीवर पडली, दोन पाण्यात. सुकटाच्या पुडीने मात्र घात केला. मासी कडक शाकाहारी. वास कोठून येतो हे शोधीत ती आमच्या गाठोड्याशी आली, पुडी दोन बोटांनी उचलली, आणि आम्ही आता ती पाण्यात जाणार असे समजत असता तिने ती बाहेर वळचणीस टांगून ठेवली. “पूर ओसरल्यावर खा,” म्हणाली.

९ तारखेस राखी पौर्णिमा होती. मासीची मुलगी पलीकडे रांदेरला अडकलेली. मुलाच्या पेटीत जरीच्या धाग्याचे रीळ होते. त्याचे तुकडे करून वोहऱ्यांच्या मुलीने त्याच्या हातास बांधले, मग आमच्या मुलाच्या, मग त्या खानदेशी पोरांच्या.

रात्री आम्ही कोपऱ्यात हलक्या आवाजात जपमाळ म्हणत होतो. मासी म्हणाली, “मोठ्याने म्हणा, अंधारात बरे वाटते.” जपमाळ संपली, मुले झोपली. तेव्हा आम्ही तिच्याजवळ सरकलो आणि सांगितले. ताप आला होता ती संध्याकाळ, तिची हाक, मालवलेला दिवा. आमचा आवाज आमचा आम्हांसच ओळखू येईना.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “खबर छे.”

ठाऊक आहे. तिला बारा वर्षे ठाऊक होते. दाराखालच्या फटीतून आमच्या दिव्याचा उजेड तिने मालवताना पाहिला होता. “लहान मूल होते ना,” एवढेच पुढे म्हणाली, आणि वात कमी करून उशाला हात घेऊन आडवी झाली.

पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. खानदेशी कामगार आपल्या घरी न जाता दोन दिवस आमचा चिखल उपसत राहिला. १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणास, आम्ही उसनवारीच्या कपड्यांत मिस्सेला गेलो. माझा सदरा त्या वोहरा गृहस्थांचा होता, बाह्या वीतभर लांब.

मासी आता हयात नाही. तिचा मुलगा व सून वर राहतात, आम्ही खालीच आहोत. तेव्हा भगिनी, तुझ्या मुलास खुशाल पाठव. खोली मिळेपर्यंत त्याने आमच्याकडे उतरावे. येताना पुरणाचे काही करू नकोस, येथे गोड पुष्कळ आहे. सुकट मात्र पाठव, ती टांगावयाची जागा सुनेस माहीत आहे. आणि दुधाच्या दुकानात ‘छे’ म्हणाले तर मागे फिरू नकोस, एवढे त्यास आठवणीने सांग.