विश्लेषण : विज्ञान दिनी संशोधन संस्थांची दारे खुली, पण आत येते कोण?

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास देशभरातील विद्यापीठे आणि संशोधन संस्था सर्वसामान्यांसाठी खुल्या होतात. शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत कोणीही आत जाऊन शास्त्रज्ञांना प्रश्न विचारू शकते. गर्दी होते, छायाचित्रे झळकतात. पण हे उपक्रम नेमके कशासाठी असतात आणि ते यशस्वी झाले हे कशावरून ठरवायचे?

२८ फेब्रुवारीच का?

सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा शोध जाहीर केला. तोच ‘रामन परिणाम’. त्यासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था याच मोसमात आपल्या प्रयोगशाळा एक दिवस सर्वांना खुल्या करते.

पुण्यात काय घडते?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ हे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने उभे राहिले. विज्ञान दिनी ते सर्वांसाठी खुले असते. मात्र ‘आयुका’चे वैशिष्ट्य एका दिवसापुरते नाही. शाळकरी मुलांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तेथे व्याख्याने होत आली आहेत, तीही इंग्रजीबरोबर मराठी किंवा हिंदीतून. पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी बनवायला शिकवले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या यांतून भूमिती शिकता येते, हे मुलांनी तेथे अनुभवले.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तेथील विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात पाहुण्यांना दुर्बीण दाखवली जाते. शिवाय परिसरातील शाळांचे विद्यार्थी स्वतः बनवलेले प्रयोग मांडतात. म्हणजे गावातली मुले तेथे नुसती प्रेक्षक नसतात.

सर्व वयोगटांसाठीच का?

मुलांना विज्ञानाची गोडी लावायची, तर मोठ्यांना कशाला बोलवायचे, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर लंडनमधील ‘अ‍ॅस्पायर्स’ या दीर्घकालीन अभ्यासात मिळते. या संशोधकांनी मुलांचा दहाव्या वर्षापासून तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. बहुतेक मुलांना विज्ञान आवडत होते. पण ‘आपण शास्त्रज्ञ होऊ’ असे वाटणारी थोडीच होती. घरात विज्ञानाविषयी बोलले जाते का, ओळखीत कोणी या क्षेत्रातले आहे का, यावर बरेच अवलंबून होते. म्हणून दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या मुलीइतकीच तिच्या मागे उभी असलेली आई महत्त्वाची. बारावीनंतर काय करायचे, हा निर्णय आपल्याकडे मूल एकटे घेत नाही.

परदेशातील अनुभव काय सांगतो?

केंब्रिज विद्यापीठाने १९९४ मध्ये विज्ञान महोत्सव सुरू केला. २०२१ पासून तो मानव्यविद्यांच्या महोत्सवासह ‘केंब्रिज फेस्टिव्हल’ या नावाने होतो. ब्रिटनमध्ये अशा कामामागे आर्थिक कारणही आहे. विद्यापीठांच्या संशोधनाच्या मूल्यमापनात समाजावरील परिणामाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन होते आणि त्यावर सरकारी निधी ठरतो.

तरीही एक दुखणे कायम आहे. तेथील विज्ञान महोत्सवांच्या २०१८ मधील एका अभ्यासात, येणारे बहुतांश लोक आधीच शिकलेले, सुस्थितीतले आणि विज्ञानात रस असलेले असल्याचे दिसले. म्हणजे प्रवेश मोफत ठेवला तरी दार सर्वांना उघडे वाटतेच असे नाही.

भारतात धोरण काय आहे?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क (ज) नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘वैज्ञानिक सामाजिक जबाबदारी’ची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. संशोधकाने वर्षातले किमान दहा दिवस अशा कामासाठी द्यावेत, अशी त्यांत अपेक्षा आहे. पण अपेक्षा आणि बढती यांत अंतर आहे. शोधनिबंधाला जे मोल मिळते, ते गावातील शाळेत घालवलेल्या शनिवारला मिळत नसेल, तर हे काम हौसेवरच चालणार. महाविद्यालयांच्या ‘नॅक’ मूल्यमापनात विस्तारकार्य हा निकष आहे. मात्र त्यात किती कार्यक्रम झाले याच्या मोजदादीला महत्त्व येते.

मग यश कशाने मोजायचे?

किती हजार लोक आले, हा आकडा सोपा आहे; पण तो पुरेसा नाही. त्यांतले किती जण संशोधन संस्थेच्या फाटकातून आयुष्यात प्रथमच आत आले? वर्षभरात किती जण पुन्हा आले? प्रयोग मराठीतून समजावला गेला का? जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांच्या येण्या-जाण्याच्या खर्चाची सोय झाली का? या प्रश्नांची उत्तरे नोंदवली, तरच पुढच्या वर्षीचा कार्यक्रम सुधारेल.

दुसरा मार्ग अधिक जवळचा आहे. राज्यातील विद्यापीठांशी संलग्न विज्ञान महाविद्यालये तालुक्याच्या गावांतही आहेत. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहेत, रसायने आहेत, शिकवणारे प्राध्यापक आहेत. महिन्यातून एक रविवार या प्रयोगशाळा परिसरातील कुटुंबांसाठी उघडल्या, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. लागेल ती प्राध्यापकांच्या वेळेची दखल आणि साहित्याचा थोडा खर्च. संशोधन संस्था आणि ही महाविद्यालये जनतेच्या पैशावर चालतात. तेथे काय चालते हे पाहण्याचा जनतेचा हक्क वर्षातल्या एका दिवसापुरता नसावा.