बुटाचा नंबर

नाताळची सुट्टी लागण्याआधी अनेक इंग्रजी शाळांत सांताक्लॉजला पत्र लिहिण्याचा एक तास होतो. पत्राचा साचा आता ठरून गेला आहे. वर मागण्या: गेमिंग कन्सोल, स्मार्टवॉच, वायरलेस इअरबड्स; सोबत मॉडेल, रंग आणि जमलंच तर किती जीबी तेही. खाली, बाईंनी आठवण करून दिल्यावर, एक ओळ: जगात शांतता नांदो, सगळ्या गरीब मुलांना पोटभर जेवण मिळो. घरी-दारी कौतुक होतं ते या शेवटच्या ओळीचं. वरच्या ओळींच्या वाट्याला ‘काय ही हल्लीची मुलं’ एवढंच. आम्हाला हा निवाडा उलटा वाटतो. वरच्या ओळी लिहिणाऱ्या मुलाने त्यासाठी जिवाचं रान केलेलं असतं. मित्राचं घड्याळ मनगटावर चढवून पाहिलेलं असतं, किमती पाठ केलेल्या असतात. खालची ओळ मात्र त्याला फुकटात पडते. ती ज्यांच्यासाठी आहे त्यांतलं एकही माणूस त्याच्या डोळ्यांपुढे नसतं. यात दोष मुलाचा नाही. शुभेच्छापत्रांवर सही करणारे आपण मोठेही तेच करत असतो.

सांताला पत्र लिहिण्याची चाल अमेरिकेत फोफावली ती एकोणिसाव्या शतकात. आधी चिठ्ठी घरातल्या आगीत टाकत. धूर चिमणीतून वर गेला की पोचली असं समजायचं. पुढे मुलं टपालपेटीचा रस्ता धरू लागली. १८७१ साली थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने पत्रांच्या ढिगांमध्ये बसलेला सांता काढला. पंचाईत झाली ती टपालखात्याची. उत्तर ध्रुव हा काही पोचवता येण्याजोगा पत्ता नव्हे. अशी पत्रं बेवारस टपालात जमा व्हायची. अखेर १९१२ मध्ये पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी ही पत्रं उघडून उत्तरं द्यायला कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना मोकळीक दिली. ‘ऑपरेशन सांता’ म्हणून आज जे ओळखलं जातं त्याचं मूळ तिथे आहे. अशा मोकळिकीवर धर्मादाय संस्थांनी नाक मुरडलं होतं: गरज खरी की बनावट, हे तपासणार कोण? उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय पान न हलणाऱ्या आपल्या मुलखात हा आक्षेप कुणाला परका वाटू नये.

न्यूयॉर्कच्या आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर जेम्स फार्ली पोस्टाची अवाढव्य इमारत आहे. डिसेंबरात लोक तिथे येत, पत्रं चाळत बसत आणि मनाला भिडेल ते घेऊन जात. आता हा व्यवहार संगणकावर होतो. आडनाव आणि पत्ता झाकलेला असतो. देणाऱ्याला घर कळत नाही, पार्सल पोस्टच पोचवतं. या पत्रांत फोन आणि खेळणी असतातच, पण त्यांच्या शेजारी थंडीचे कोट, बूट आणि पांघरुणंही असतात. आणि या मागण्यांबरोबर मापं दिलेली असतात. धाकट्या भावाचा कोट कितीचा, आईच्या बुटाचा नंबर काय. दुसऱ्याच्या बुटाचा नंबर असाच ठाऊक होत नाही. त्यासाठी कोपऱ्यात काढून ठेवलेला बूट उलटा करावा लागतो, तळव्यावरचा झिजून पुसट झालेला आकडा उजेडात धरून वाचावा लागतो. तो वाचताना सोल कुठे उकलला आहे तेही दिसतं. दुसऱ्यासाठी काही मागण्याची ही खरी रीत, आणि गंमत अशी की तिच्यात घड्याळाचं मॉडेल शोधणाऱ्या मुलाचाच चिवटपणा आहे. हावरेपणा म्हणून आपण ज्याला हिणवतो तो बारकावा फक्त दुसऱ्या माणसाकडे वळलेला असतो. (जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात पोराला पांघरूण सांताकडे मागावं लागतं, याचा जाब सांताला विचारता येत नाही; ज्यांना विचारायचा ते नाताळच्या सुट्टीवर असतात.)

इतर देशांनी आपापल्या वाटा काढल्या. कॅनडाच्या टपालखात्याने सांताला ‘हो हो हो’ असा वाचता येणारा पिनकोडच देऊन टाकला. फ्रान्समध्ये १९६२ साली टपालमंत्री जाक मारेत यांनी उत्तरांची सरकारी सोय केली आणि पहिलं उत्तर लिहायला आपल्या बहिणीला सांगितलं. ही बहीण म्हणजे मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या ख्यातनाम मनोविश्लेषक फ्रान्स्वाझ दोल्तो. एवढ्या तोलाच्या बाईंना या कामाला बसवणाऱ्या खात्याचा आम्हाला हेवा वाटतो. पुढे हे कार्यालय लिबुर्न या गावी गेलं, ते आजही तिथेच आहे.

आपल्याकडे मुंबईकरांना मागणं पत्राऐवजी मेणात ओतायची सवय आहे. वांद्र्याच्या मोत माउलीच्या चर्चजवळ सप्टेंबरच्या जत्रेत टेकडीवरच्या दुकानांतून मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकली जातात. घराला या शहरात मागणी असणारच, बिल्डरांच्या कृपेने. पण पाय वाहणारीचे स्वतःचे पाय बहुधा धड असतात; दुखणं सासूच्या गुडघ्याचं असतं. ही बाई ‘सर्वांना आरोग्य लाभो’ असं म्हणत नाही. ती पाय विकत घेते, आणि उजवा की डावा हे तिला विचारावं लागत नाही.

दुसऱ्याचं दुखणं असंच जवळून पाहणारी, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं मुंबई-वसईच्या कित्येक चर्चमध्ये आहेत. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ही संस्था काढली. पैसे गोळा करून वाटण्यावर तिने समाधान मानलं नाही. गरजूच्या घरी स्वतः जायचं, बसायचं, बोलायचं, हा तिचा मूळ नेम. नाताळात रोषणाईपुढे सेल्फी निघतात तेव्हा ही मंडळी कुणाच्या तरी खोलीत बसून औषधाच्या चिठ्ठ्या वाचत असतात. त्यांच्यावर बातम्या होत नाहीत.

याच्या अगदी उलट टोकाला आपल्या आयटी कंपन्यांतला ‘सिक्रेट सांता’. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत डिसेंबरात डब्यात चिठ्ठ्या पडतात, ज्याचं नाव येईल त्याला पाचशे रुपयांच्या आत भेट. मग चहाचा मग, सुगंधी मेणबत्ती, पॉवर बँक, पुन्हा मग. वर्षभर शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस चहा घेतच नाही, हे कळण्याइतकीही नजर आपण त्याच्याकडे टाकलेली नसते. भेट स्वस्त असते म्हणून ती पडून राहते असं नाही. ती कुणालाही चालली असती म्हणून पडून राहते.

त्या डब्यात हाउसकीपिंगच्या मावशी आणि गेटवरचे काका यांची नावं मात्र नसतात. ते कंत्राटदाराकडचे, त्यामुळे कंपनीच्या यादीत बसत नाहीत. यंदा डबा फिरवणाऱ्यांनी त्यांच्या चिठ्ठ्याही टाकाव्यात. रात्रपाळीला गेटवर उभं राहणाऱ्या काकांना सुगंधी मेणबत्तीचा काही उपयोग नाही. त्यांना काय लागतं ते आज घरी जाताना विचारून घ्यावं, मापासकट.