इंद्रायणीत बुडालेली खते



देहूहून पालखी निघते तेव्हा आपल्यातले लाखो जण तिच्यामागे चालतात. तुकोबांचे अभंग आपल्याला तोंडपाठ आहेत. पण त्या अभंगांमागे दुष्काळात आणि मरणात सापडलेले एक घर आहे, त्याची आठवण क्वचितच निघते. आजच्या बैठकीपुढे ते घर ठेवायचे आहे.

ते घर खाऊनपिऊन सुखी होते. गावची महाजनकी, शेती, बाजारात दुकान आणि थोडी सावकारीही. मग आईवडील गेले. थोरल्या भावाची बायको गेली आणि तो तीर्थांना निघून गेला. सारा भार कोवळ्या वयात तुकोबांवर पडला. पाठोपाठ १६३० चा मोठा दुष्काळ आला. पावसाने दगा दिला आणि फौजांनी मुलूख तुडवला. दुकानाचे दिवाळे वाजले, बाजारात पत उरली नाही. पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. त्या मरणाची आणि गेलेल्या अब्रूची लाज वाटल्याचे तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे.

अशा वेळी माणूस देवाकडे वळतो. तुकोबाही वळले. पण वळताना त्यांनी काय केले, ते नीट पाहा. घरात लोकांच्या कर्जाची खते होती. निम्मी खते धाकट्या कान्होबाच्या वाट्याची म्हणून त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रकार सांगतात. स्वतःच्या घरात चूल पेटण्याची मारामार असताना त्यांनी दुसऱ्याच्या दारात वसुलीला जाणे सोडले. त्यांच्या भक्तीची सुरुवात ही अशी हिशेबाच्या कागदापासून झाली.

आज एखाद्या घरातला कर्ता जातो तेव्हा काय होते? गळ्यात माळ घातलेला सावकारही सांत्वनाला येतो आणि उठताना आकडा सांगून जातो. भाऊबंद म्हणतात, तेरावे जोरात झाले पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील! आधीचे कर्ज फिटलेले नसते, त्यावर पंगतीचे नवे कर्ज चढते. ही श्रद्धा नव्हे. मरणाच्या नावाने चाललेली ही लूट आहे. गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगत राहिले, की कर्ज काढून सण करू नका, दिवस घालू नका.

बापाचे देणे फेडल्याशिवाय त्याला गती नाही, अशी भीतीही पोराला घातली जाते. कोर्टांनीही हा पुत्रधर्म पुष्कळ काळ मानला. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने तो मोडीत काढला. ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलावर वसुली लावता येत नाही. वारशाने जेवढी मालमत्ता आली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. मुलाने स्वतः जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून सुतकातल्या घराने घाईने कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नये.

आता जिजाईबद्दल. तुकोबांची ही दुसरी बायको कजाग होती असे सांगून कीर्तनात पुष्कळ हशा पिकवला जातो. पण नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर असताना पोरांच्या तोंडात घास घालणारी तीच होती. विठोबाशी भांडण्याचा तिचा हक्क आपण मान्य केला पाहिजे. आज गावोगावी अशा जिजाया आहेत. नवरा गेला, देणे तिच्या माथी आले, आणि सातबारावर मात्र तिचे नाव नाही. तिने देवाला चार शब्द सुनावले तर तिला गप्प करू नका. तिला धीर धर म्हणून उपदेश करण्याआधी तलाठ्याकडे तिच्याबरोबर जा.

प्रत्येक गावच्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी अंगावर घ्याव्यात. दुःखाच्या घरी कर्जाची पंगत होऊ देऊ नये. जायचे तर पायलीभर धान्य घेऊन जावे. वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी आणि त्यात विधवेचे नाव आहे याची खात्री करावी. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा.

आणि ज्यांच्या कपाटात गरिबांच्या सहीचे कागद आहेत अशा माळकऱ्यांनाही एक विनंती. यंदा देहूला जाल तेव्हा इंद्रायणीच्या काठी घटकाभर बसा, आणि त्या कागदांचे काय करायचे ते तिथेच ठरवा.