आईची गोष्ट, नाव मुलाचे



गायक-संगीतकारांवरचे चित्रपट आपण हौसेने पाहतो. 'बालगंधर्व' (२०११) पाहिला, 'मी वसंतराव' (२०२२) पाहिला. दुसरा आम्हां वैदर्भीय बायांना जरा जास्तच जवळचा. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरकडचे. त्यांच्या आईने नवऱ्याचे घर सोडले, नागपूर गाठले आणि मुलाला एकटीने वाढवले. अनिता दाते यांनी ती आई छान उभी केली आहे. चित्रपट तिला भरपूर जागा देतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरी नालवाडीच्या आमच्या गटात एकीने विचारलेच, "त्या माउलीले सोताले काय पायजे होतं, हे कोनं इचारलं?"

मला ताराबाई माने आठवल्या. बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या ताराबाई अब्दुल करीम खाँसाहेबांबरोबर घर सोडून गेल्या, आणि १९२२ मध्ये पाच मुलांना घेऊन खाँसाहेबांपासूनही वेगळ्या झाल्या. मुलांना त्यांनी स्वतःचे माने आडनाव लावले. (आजही शाळेच्या दाखल्यावर आईचे आडनाव लावताना किती खेटे घालावे लागतात, ते आपल्याला ठाऊक आहे.) सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही त्यांचीच मुले. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, त्याही बाईने चारचौघांत गाणे अब्रूचा प्रश्न मानले जाई त्या काळात. सुरेशबाबूंकडे वसंतरावांनी गाणे शिकले. म्हणजे त्या एका गळ्यामागे घर सोडणाऱ्या दोन आया आहेत!

ताराबाईंवरचा कथापट मी अजून पाहिलेला नाही. मोझार्टची बहीण नानर्ल लहानपणी त्याच्या बरोबरीने युरोपभर वादन करत फिरली. मोझार्टवरचा 'अमेडियस' १९८४ चा. तिच्यावरचा फ्रेंच चित्रपट आला २०१० मध्ये.

पडद्यावर अशा बाईच्या कष्टांना त्याग म्हणतात. त्याग म्हटले की घरभाडे कोणी भरले, शिकवणीचे पैसे कुठून आणले, तिला स्वतःला गायचे होते का, हे विचारायची सोय उरत नाही. घर सोडणे हा तिचा निर्णय होता, आणि गाणे पुढे गेले ते त्या निर्णयामुळे.

चित्रपट काढायला आपल्याकडे पैसा नाही. नोंद ठेवता येईल. आमच्याकडे भजनी मंडळात बाया खंजिरीवर पदांना चाली लावतात. चाल पंचक्रोशीत जाते, लावणारीचे नाव घरातच राहते. तुमच्या गावच्या अशा बायांबद्दल, त्यांना विचारून, पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. पोस्टकार्डही चालेल.